उलटा घड

वॉटर पार्कच्या कामाचा पहिला नकाशा माझ्यापुढे उलगडला गेला तो एप्रिलमधल्या एका दुपारी, पत्र्याच्या कंटेनरमध्ये, सेंट्रिंगच्या प्लायचे फळकूट टाकून केलेल्या टेबलावर. बाहेर पारा ४४ अंशांवर होता आणि कंटेनरच्या आत किती होता ते पाहण्याची कोणाची इच्छा नव्हती. नकाशाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘ट्रॉपिकल आयलंड’ असे लिहिले होते आणि त्याखाली रंगीत चित्र होते : निळेशार पाणी, त्यावर ओणवलेली नारळाची झाडे, गवती छपराच्या झोपड्या, कडेने फिरणारी संथ नदी, मधोमध धबधब्याचा डोंगर आणि त्या डोंगराच्या टोकाला धूर सोडणारा ज्वालामुखी. आराखडा करणारे साहेब दूरच्या मोठ्या शहरात होते. त्यांनी फोनवर विचारले, “साइटचा फील कसा आहे? ट्रॉपिकल वाटते का?” मी “हो” म्हणालो. शर्ट पाठीला चिकटला होता, त्यामुळे खोटे बोललो असे मला मुळीच वाटले नाही.

शाळेच्या भूगोलात शिकलेली गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच उपयोगाची वाटली. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे, ते आमच्या उत्तरेला मध्य प्रदेशातून जाते, आणि आमची साइट होती तापीच्या उत्तरेला, चोपड्याच्या बाजूला, साधारण २१ अंशांवर. म्हणजे आम्ही उष्णकटिबंधात आधीपासूनच होतो, कित्येक पिढ्या होतो. पण नकाशातला उष्णकटिबंध आणि सातपुड्याच्या पायथ्याचा उष्णकटिबंध यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. आमच्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत उरकतो. एप्रिलमध्ये सातपुड्यातला साग आणि अंजन उघडेबोडके उभे असतात, आणि हेही उष्णकटिबंधातलेच जंगल आहे, फक्त ते पानगळीचे आहे. चित्रात पानगळ नव्हती. चित्रातल्या बेटावर एकही पान वाळलेले नव्हते.

ज्या जमिनीवर हे बेट उभे राहायचे होते तिथे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत केळीची बाग होती. शेवटचे घड उतरवून झाले होते, खोडे पाडून बांधाला रचली होती, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी एका कोपऱ्यात पडली होती. त्या बागेवर एकोणीस वर्षे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, असलेले आप्पा आमच्याकडे रात्रीचे वॉचमन म्हणून लागले. सालदाराचे वर्ष आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि आखाजीलाच नवे साल ठरते. त्या वर्षीच्या आखाजीला मालकाने नवे साल धरले नाही, कारण शेतच उरले नव्हते, आणि ठेकेदाराने त्यांना खाकी शर्ट, शिटी व बॅटरी दिली. सालदारकीत वर्षाला कपड्यांचे दोन जोड ठरलेले असत. आप्पांनी तोच हिशेब धरून दुसरा शर्ट मागितला, तेव्हा ठेकेदाराच्या माणसाला त्यांचे म्हणणेच कळले नाही.

पहिले चार महिने आम्ही ज्यात घालवले ती गोष्ट पुढे पर्यटकाला कधीच दिसणार नव्हती, ती म्हणजे काळी माती. केळीला आणि कापसाला ही माती आईसारखी आहे. बांधकामाला ती सावत्र आहे. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला इतक्या खोल भेगा पडतात की हातभर काठी सहज आत जाते. तिच्यावर उथळ पाया घेतला की इमारत दर वर्षी थोडी वर उचलली जाते आणि थोडी खाली बसते, आणि भिंती तिरक्या तडकतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी अंडर-रीम पाइलची पद्धत रुळवली आहे. जमिनीत खोल भोक घ्यायचे आणि तळाशी त्याला कांद्यासारखा फुगवटा द्यायचा, म्हणजे वरची माती कितीही हलली तरी खांबाने खाली, जिथे ओल फारशी बदलत नाही तिथे, पाय रोवून धरावा. घसरगुंड्यांचे सगळे खांब आणि धबधब्याचा डोंगर आम्ही अशा पाइलवर घेतले. भोक पाडणारा ऑगर वर येई तेव्हा आधी काळी, मग करडी, मग पिवळट माती बाहेर पडे. आप्पा ड्यूटी संपल्यावरही थांबून ती पिवळी माती बोटांत चुरडून पाहत असत. इतक्या खाली आपण कधी गेलो नव्हतो, असे ते म्हणाले.

खोटा खडक कसा तयार होतो हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण माझा जीव सर्वांत जास्त त्यातच रमला. आधी थर्माकोलचा हातभर नमुना येतो. त्यावरून आठ आणि दहा मिलिमीटरच्या सळयांचा सांगाडा बांधायचा, आणि त्यात एकही सळई सरळ चालत नाही. आयुष्यभर कॉलमच्या रिंगा काटकोनात वाकवलेल्या माणसाला वाकडेपणा शिकवणे किती कठीण असते ते मी तेव्हा पाहिले. आमचा बारबेंडर पहिले आठ दिवस, मुद्दाम वाकडी बांधलेली सळईसुद्धा सवयीने ओळंबा लावून तपासत असे. सांगाड्यावर बारीक जाळी, ती बायंडिंगच्या तारेने आकड्याने पिळून पक्की करायची, तिच्यावर रेती-सिमेंटचा पहिला थर थापून तो ओला असतानाच खरवडून ठेवायचा, आणि मग शेवटचा दीड-दोन इंचांचा थर चढवून तो कोरायचा. कोरायला थापी, स्वयंपाकघरातला चमचा, तारेचा ब्रश आणि चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद पुरतो. कागदाचा बोळा ओल्या सिमेंटवर दाबून उचलला की जी खरबरीत कांती उमटते ती कोणत्याही महागड्या साच्याने येत नाही.

या सगळ्यात एक मधला काळ असतो. थर फार ओला असताना ब्रश ओढला तर गाळासारखा गोळा निघून येतो, आणि फार घट्ट झाल्यावर थापी नुसती घासते, रेघ उमटत नाही. जानेवारीत आम्हाला हा काळ दोन तास मिळे. मे महिन्यात तो वीस मिनिटेही टिकत नसे. भारतीय मानकानुसार हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की काँक्रीटचे काम उष्ण हवामानातले समजून वेगळी काळजी घ्यायची असते. ती ओळ लिहिणाऱ्याने खान्देशचा मे महिना पाहिला असता तर तिला बहुधा स्वतंत्र प्रकरण दिले असते. आम्ही पहाटे चारला काम सुरू करून आठला थांबत असू आणि संध्याकाळी सातनंतर हॅलोजनच्या उजेडात पुन्हा लागत असू. मिक्सरच्या पाण्यात बर्फाच्या लाद्या फोडून टाकाव्या लागत. दिवसभर खडकावर ओली गोणपाटे पांघरलेली असत आणि सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या पावरा आदिवासी बाया नळी घेऊन ती भिजवत फिरत. उन्हाळ्यात साध्या सिमेंटला दहा दिवस आणि मिश्र सिमेंटला चौदा दिवस पाणी मारावे असे मानक सांगते. त्या बायांनी ते एकवीस दिवस मारले, आणि डोंगराला आजही केसाएवढी चीर नाही, याचे श्रेय माझ्या देखरेखीला जात नाही.

या तंत्राच्या सुरुवातीच्या जनकांत एक माळी होता हे मला नंतर वाचनात आले. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए याने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले होते, कारण मातीच्या कुंड्या फुटत असत आणि लाकडी कुजत असत. आज धरणे आणि पूल ज्या सळई-सिमेंटवर उभे आहेत त्याच्या मुळाशी झाडे लावण्याची गरज होती, आणि आम्ही त्याच सळई-सिमेंटने झाडे आणि डोंगर तयार करत होतो. वर्तुळ असे पूर्ण झाल्याचे पाहून मोनिएला आनंद झाला असता की नाही, हे मला ठरवता येत नाही.

डोंगराच्या टोकाच्या ज्वालामुखीबद्दल मात्र मला सुरुवातीपासून थोडी लाज वाटत होती. दख्खनचा सगळा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेला लाव्हाच आहे. आमच्या काँक्रीटमधली खडी त्याच दगडाच्या खाणीतून येत होती. साइटपासून फार लांब नाही तिथे, अडावदजवळच्या उनपदेवला, डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे. म्हणजे खऱ्या लाव्ह्याची खडी फोडून, तिचे काँक्रीट करून, त्यावर आम्ही लाव्ह्याचा देखावा उभा करत होतो आणि त्याच्या तोंडातून यंत्राचे धुके सोडत होतो. रंगकाम आले तेव्हा नमुन्याप्रमाणे खडक गेरूसारखा तांबूस करायचा होता. मी एका बाजूला, स्वतःच्या जबाबदारीवर, काळपट राखाडी छटा देऊन पाहिली. ती पाहून साहेब म्हणाले की हा दगड खरा वाटतो, पण ज्वालामुखीचा वाटत नाही. त्यांच्या म्हणण्याला त्यांच्यापुरता अर्थ होता. लोक खडक पाहायला येत नाहीत, चित्रात पाहिलेला खडक पुन्हा ओळखायला येतात. आम्ही तांबूसच केला. अजिंठ्याच्या कारागिरांनी याच जातीचा दगड आतून कोरत कोरत काढून टाकला आणि लेणी मागे ठेवली. आम्ही बाहेरून थापत थापत दगड वाढवत होतो. तुलना माझी मलाच जड वाटते, पण रात्रीच्या पाळीत असले विचार मनात येतातच.

माझ्या हातून झालेली चूक संथ नदीत आहे. संथ नदी म्हणजे मीटरभर खोलीचा, वळणे घेत पुन्हा स्वतःलाच येऊन मिळणारा काँक्रीटचा पाट. पंप पाण्याला हलकासा रेटा देतात आणि माणसे रबरी ट्यूबवर पडून वाहत राहतात. तिच्या तळाखालची काळी माती ९० सेंटिमीटर काढून तिथे मुरूम भरायचा, तो थराथराने रोलरखाली दाबायचा आणि मग काँक्रीट, असे नकाशात स्पष्ट होते. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात जुन्या विहिरीच्या बाजूचा तीसेक मीटरचा तुकडा राहिला होता. मुरुमाची डंपरे दोन दिवस आली नव्हती, रोहिणी लागल्या होत्या आणि वरून तारखेचा तगादा होता. मी तिथे ४० सेंटिमीटरवरच थांबलो आणि नोंदवहीत सही केली. मुकादम काही बोलला नाही. त्याने फक्त माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि रोलरवाल्याला हात केला.

जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तळाला चीर पडली. पहिल्या दिवशी ती पेन्सिलच्या रेघेसारखी होती आणि चौथ्या दिवशी तिच्यात एक रुपयाचे नाणे उभे राहत होते. खालची माती फुगून तळ वर उचलत होती. तो तुकडा फोडावा लागला, माती पूर्ण काढावी लागली, नवा मुरूम, नवे काँक्रीट, सांध्यात पाणी अडवणारी वॉटरस्टॉपची पट्टी. या सगळ्याचा खर्च माझ्या पगारातून कापला गेला नाही, पण पुढचे सहा महिने प्रत्येक बैठकीत ‘विहिरीकडचा तुकडा’ असा उल्लेख होत राहिला आणि मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. आप्पांनी मात्र सरळ सांगितले की विहिरीच्या त्या अंगाला माती सर्वांत जास्त फुगते हे बागेवर राबलेल्या कोणत्याही माणसाने सांगितले असते. मी कोणालाच विचारले नव्हते.

खोटा उष्णकटिबंध बांधणारे आम्ही पहिले नव्हतो. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला, फुग्यासारखी तरंगणारी हवाई जहाजे (एअरशिप) बांधण्यासाठी उभारलेल्या आणि ती कंपनी बुडाल्यावर रिकाम्या पडलेल्या एका अवाढव्य शेडमध्ये, २००४ च्या डिसेंबरात असेच बेट सुरू झाले. ती शेड ३६० मीटर लांब आणि १०७ मीटर उंच आहे आणि आत बाराही महिने साधारण २६ अंश ठेवतात. बाहेर बर्फ असताना आत वाळूवर लोळायला माणूस पैसे देतो हे मला समजते. आमच्याकडे अडचण उलटी होती. उकाडा आम्हाला फुकट मिळत होता आणि विकायचा होता गारवा, तरी नाव मात्र उकाड्याच्या देशाचे द्यायचे होते. पाण्याचा हिशेब त्याहून बोचरा होता. लाटांच्या तलावात पहिल्यांदा पाणी भरले तेव्हा मी भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवली. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसते उडून जात होते. गावातल्या बायांनी त्याबद्दल विचारले तेव्हा मी गाळणी-यंत्राची माहिती देऊन सुटका करून घेतली. पाणी तेच ते पुन्हा फिरते हे खरेच आहे, पण उडून गेलेले पाणी फिरत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

न्यायाने बोलायचे तर केळीची बागही काही निसर्गाने लावलेली नव्हती. केळीला दमट हवा लागते आणि इथे मे-जूनमध्ये तोंड भाजणाऱ्या झळा असतात. विहिरी, मोटारी, ठिबक, बांधाला गजराज गवताची आणि शेवरीची वारारोधक भिंत, हे सगळे उभे केल्यावरच तापीकाठी केळी रुजली. जिला सगळे ग्रँड नैन म्हणतात तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठी बुटकी’ असा आहे, आणि ती प्रयोगशाळेतल्या बाटलीतून शेतात येते. त्या शेतकऱ्यांनीही आपापल्या एकरात एक दमट बेट बांधलेले होते. फरक एवढाच की त्यांचे बेट खाता येत होते.

झाडांच्या बाबतीत आमची फजिती झाली. नाल्याकाठची शिंदीची चौदा झाडे जेसीबीने उपटली गेली, कारण ती नकाशात नव्हती. आणि आंध्रातल्या कडियमच्या नर्सरीतून ट्रेलरवर आडवी घालून ताडाच्या जातीची मोठी झाडे आणली गेली, कारण ती नकाशात होती. झावळ्या वर बांधून, मुळांचा गड्डा गोणपाटात गुंडाळून ती आली, आणि पहिल्याच मे महिन्यात त्यांतली निम्मी वाळली. शिंदी याच वाऱ्यात, याच मातीत, कोणी पाणी न घालता उभी होती. कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागा काढून जिथे डिस्नेलँड बांधले आणि १७ जुलै १९५५ रोजी उघडले, तिथेही घाई अशीच होती. बिल इव्हान्स या बागतज्ज्ञाने नदीसफरीच्या जंगलात काही फळझाडे मुळे वर करून उलटी पुरली आणि त्या वाकड्यातिकड्या मुळांनाच परदेशी झाडांच्या फांद्या म्हणून खपवले, असे सांगितले जाते. ते वाचून मी त्या माणसाला मनोमन नमस्कार केला. त्याने निदान उपटलेले झाड वाया घालवले नाही.

आणि मग फायबरच्या केळी आल्या. शेवटच्या हिवाळ्यात, एका ट्रकमधून, कागदाच्या कातरणात गुंडाळलेल्या, घड लागलेल्या बेचाळीस केळी. त्या झोपड्यांच्या भोवती आणि धबधब्याच्या बाजूने उभ्या करायच्या होत्या. पाने हिरवीगार आणि अखंड होती. खरे केळीचे पान वाऱ्याने चिरते आणि चिरते म्हणूनच केळ उभी राहते, पण तेवढे आम्ही चालवून घेतले. पहिली केळ बोल्टवर उभी केली आणि मागे सरकून पाहिले, तर काहीतरी खटकत होते आणि काय ते मला सांगता येत नव्हते. वेल्डिंगवाला मुलगा आधी हसला. मग मिस्त्री हसला. मग खडक भिजवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. आप्पा पाळीवर येत होते; त्यांनी सायकल टेकवली, जवळ गेले आणि हातातली बॅटरी दिवसाउजेडीच त्या घडावर धरली.

“भाऊ,” ते म्हणाले, “हाऊ घड उलटा शे.”

घड उलटा होता. निसवलेला दांडा वाकून खाली येतो, केळफूल अगदी तळाला लोंबते, आणि फण्यांमधली केळी सुरुवातीला खाली तोंड करून असली तरी भरत जाताना हळूहळू आभाळाकडे वळतात. साचा करणाऱ्याने केळी झुंबरासारखी खाली लोंबवली होती आणि केळफूल वर, दांड्याच्या मुळाशी, तुऱ्यासारखे खोचले होते. मी साहेबांना व्हिडिओ कॉलवर दाखवले. ते म्हणाले की ग्राहकाला असला फरक कळत नाही. मी विचारले, “ग्राहक कोण आहेत सर?” आणि मग मीच गावे सांगितली : चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा. पलीकडे बराच वेळ शांतता होती. “तुमच्या लेव्हलला करा,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आम्ही ते तीन दिवसांत केले. घड बोल्टवरून उतरवून खालचे टोक वर करायचे, केळफूल करवतीने कापून तळाला आलेल्या टोकाला रेझिन आणि काचेच्या धाग्याने चिकटवायचे, सांध्यावर रंग मारायचा. रेझिनच्या वासाने डोके धरत होते आणि काचेच्या कणांनी हात चुलचुलत होते. आप्पा दिवसाची झोप टाकून तिथेच बसले. फणी कोणत्या बाजूला झुकते, दांडा किती वाकतो, केळफुलाचा रंग वांग्यासारखा नको, जरा मातकट हवा, हे ते सांगत आणि रंगारी ऐकत असे. त्या दोन वर्षांत कामावर त्यांचा शब्द शेवटचा ठरला असे ते एवढे तीनच दिवस.

मार्चमध्ये पार्क उघडला. आठवड्याभराने आप्पा नातवाला घेऊन आले. त्यांना तिकीट लागले नाही, नातवाचे मी काढले. आम्ही तिघे संथ नदीच्या काठाने चालत गेलो, विहिरीकडच्या तुकड्यावर मी मुद्दाम थोडा जलद चाललो, आणि धबधब्याच्या मागच्या कपारीपाशी आप्पा थांबले. तिथे एक केळ खडकात इतकी आत बसवली होती की तिचा घड काढायला परांची बांधावी लागली असती, आणि परांची तोवर उतरवून झाली होती. पाण्याच्या पडद्यामागून ती नीट दिसतही नाही. आप्पांनी डोळ्यांवर आडवा हात धरून बराच वेळ पाहिले.

“एक ऱ्हायी गया,” ते म्हणाले, आणि नातवाला तो घड दाखवण्यासाठी त्यांनी त्याला खांद्यावर घेतले.